दूध प्यालेलं सोनं

मी आयुष्यभर सोन्यात काम केलं असं सांगितलं, की नव्या ओळखीचा माणूस आधी माझ्या बोटांकडे बघतो, मग मनगटाकडे. तिथे काहीच सापडत नाही. मग मी सांगतो की माझं सोनं पाण्यात असायचं, रंगाने लाल असायचं आणि लिटरभर पाण्यात जेमतेम चिमटीच्या टोकावर मावेल एवढंच असायचं. त्यावर बहुतेक लोक विषय बदलतात. या अंकाच्या संपादकांनी तो बदलला नाही, उलट लिहूनच द्या म्हणाले. तेव्हा जो काही दोष आहे तो त्यांचा.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. खामगावात एका डॉक्टरांनी स्वतःचा छोटा दवाखाना काढला होता. पुढे दहा-बारा खाटा, मागच्या खोलीत प्रयोगशाळा. डॉक्टरसाहेब मूळचे पुण्याकडचे, शिकलेले मुंबईला. आमच्या वऱ्हाडी बोलण्याला ते सुरुवातीला हसायचे, मग स्वतःच रोग्यांना ‘काऊन हो, काय होऊन राह्यलं?’ विचारायला लागले. मी रोहिणखेडचा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. बाटल्या धुवायला म्हणून लागलो आणि बाटल्या नीट धुतो एवढ्याच गुणावर प्रयोगशाळेचा सहायक झालो. हा गुण लहान नव्हे. आमच्या कामात निम्मी विद्या धुण्यातच होती.

हे सोन्याचं पाणी कशाला लागायचं ते सांगतो. माणसाच्या पाठीच्या कण्यात थोडं पाणी असतं. मेंदूचं दुखणं असेल तर त्या पाण्यात फरक पडतो, पण डोळ्यांना तो दिसत नाही. सोन्याला दिसतो. सोनं पाण्यात इतकं बारीक करता येतं की त्याचे कण तळाशी बसतच नाहीत, तरंगत राहतात. सूक्ष्मदर्शकातूनही ते वेगळे दिसायचे नाहीत. डॉक्टरांनी एक काळी पेटी केली होती, तिच्या फटीतून एका बाजूने ऊन सोडायचं आणि दुसऱ्या बाजूने पाहायचं. कौलातून आलेल्या कवडशात धूळ चमकते ना, तशी बाटलीतली उन्हाची वाट चमकायची. तोच त्या कणांचा पुरावा.

हे कण एकमेकांपासून दूर आहेत तोवर पाणी जास्वंदीसारखं लाल. एकमेकांना चिकटले की जांभळं, मग निळं, आणि शेवटी सगळं सोनं काळा गाळ होऊन खाली. मिठाने ते चिकटतात. पण त्यांच्या अंगावर एखादा लेप असला तर मीठ त्यांना शिवू शकत नाही. निरोगी माणसाच्या कण्यातलं पाणी सोन्याला लाल राहू देतं. काही रोगांत त्या पाण्यातली द्रव्यंच अशी बिघडतात की सोनं फुटतं. आम्ही दहा नळ्या ओळीने लावायचो. कण्यातलं पाणी मिठाच्या पाण्याने प्रत्येक नळीत आधीपेक्षा निम्मं पातळ करायचं, मग त्यावर सोनं. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग वाचायचे. गरमीचा रोग, म्हणजे उपदंश, मेंदूपर्यंत चढला असेल तर पहिल्या चार-पाच नळ्या पार पांढऱ्या पडलेल्या असायच्या. त्यात वाद घालायला जागाच नसे.

आमच्या शेजारच्या गल्लीतले एक सोनार ही बाटली पाहायला मुद्दाम आले होते. म्हणाले, ‘दत्तूभाऊ, सोनं पिवयं असते. हे तं शरबत आहे.’ मी त्यांच्यासमोर मीठ टाकलं, निळं करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बसलेला गाळ कागदात गाळून त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो फुंकणीने तापवला आणि मोहरीच्या फोडीएवढा पिवळा मणी घेऊन पळत आले. ‘आमी सोन्याचा दागिना करतो, तुमी सोन्याचा रंग करता. पन आमचं बरं आहे भाऊ, आमचं सोनं मिठाले भेत नाही!’

सोनं खरं बोलायचं, पण नुसतं खरं बोलून माणूस वाचत नाही. नांदुऱ्याकडची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आठवते. मान ताठलेली, डोळे उजेडाला घाबरणारे. नळ्यांनी मेंदूचा क्षय सांगितला. त्या काळी त्यावर औषध नव्हतं. माझं वाचन बरोबर आलं म्हणून डॉक्टरांनी पाठ थोपटली, आणि मी मागच्या दाराने बाहेर जाऊन उभा राहिलो. असे दिवसही पुष्कळ गेले.

हे पाणी तयार करणं म्हणजे मात्र जिवाशी खेळ. सोन्याचा क्षार काचेच्या बंद नळीत यायचा. पाणी तीनदा ऊर्ध्वपातन करून घ्यायचं, कारण आमच्याकडच्या विहिरी कमीजास्त खाऱ्याच, आणि पूर्णेकाठचं पाणी तर चहासुद्धा नासवतं. मग तापवायचं, क्षार घालायचा, थोडा पापडखारासारखा दुसरा क्षार, आणि शेवटी फॉर्मलिन थेंब थेंब. काचेला बोटाचा तेलकटपणा लागलेला असला तरी सगळं निळं. जमलं की मात्र एका क्षणात लाली चढायची. ती पाहून मला दर वेळी हसू यायचं, एकट्यालाच.

आता माझा गुन्हा सांगतो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एक लिटर पाणी फार सुंदर जमलं होतं. लक्ष्मीपूजनाला दवाखान्यात पूजा असायची. डॉक्टर स्वतः नास्तिक, पण दवाखान्यातल्या माणसांसाठी पाटावर स्टेथोस्कोप मांडू द्यायचे. मी विचार केला, आपल्या घरी तर आईच्या कानातलंसुद्धा मोडून झालंय. गावातल्या प्रत्येक घरात आज सोनं पुजतात, आणि आपल्या ताब्यात आहे तेवढं सोनं कपाटात अंधारात बसवून ठेवायचं? मी बाटली आणून पाटावर ठेवली. गंध लावलं, फूल वाहिलं. आणि मग वाटलं, बूच लावलेल्या लक्ष्मीला नैवेद्य पोचणार कसा? म्हणून बूच काढलं. झेंडूचं फूल दुधात बुडवून बाटलीवरून ओवाळलं. दोन-तीन थेंब आत पडले असतील. रंग तसाच लाल होता, तसूभरही फिरला नाही. मी नमस्कार केला, बूच लावलं आणि बाटली कपाटात ठेवून दिली.

भाऊबीज झाल्यावर सोनाळ्याचे विश्वनाथ मास्तर आले. जिल्हा कौन्सिलच्या शाळेचे हेडमास्तर, वय चाळिशीच्या आत. हात थरथरायचे, जीभ अडखळायची, पाढे म्हणता म्हणता विसरायचे आणि विसरले की मुलांवर छडी घेऊन धावायचे. सोबत बायको, गावात सगळे तिला मास्तरीणबाईच म्हणत. तिला सातवा महिना होता. लक्षणं गरमीचीच वाटत होती. रक्त मुंबईला पाठवलं, तर वाटेत नासलं असं उत्तर आलं. रोग निघाला असता तर मास्तरांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात, नोकरी गेली, आणि बायको आणि पोटातलं पोर दोघंही त्याच संशयात. डॉक्टरांनी मास्तरांच्या पाठीत सुई घातली आणि पाणी माझ्या हातात दिलं.

सकाळी दहाही नळ्या लालबुंद.

आमच्याकडे नियम होता. रंग मी वाचायचे, निकाल डॉक्टरांनी सांगायचा. पण मास्तरीणबाई व्हरांड्यात बसलेली होती आणि तिने मला पाहताच उठून विचारलं, ‘भाऊ, माह्या पोटातल्याले तं काही नाही ना?’ मी रुबाबात हसलो. म्हणालो, ‘काहीच नाही बाई. सोन्यानं सांगितलं, सगळं निर्मळ आहे.’ मला तेव्हा अगदी देवमाणूस झाल्यासारखं वाटलं. सुईनंतर मास्तरांचं डोकं तीन दिवस फुटायची वेळ आली, पण त्या दुखण्याला कुणी मोजलं नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, टॉनिक दिलं, आणि मंडळी पेढे वाटून घरी गेली.

पुढच्या आठवड्यात आमच्या ‘गव्हर्नर’ची पाळी आली. हे एक कापसाचे दलाल. रोग मेंदूवर चढलेला, त्याबद्दल शंकाच नव्हती. आपण नागपूरचे गव्हर्नर आहोत अशी त्यांची खात्री होती, आणि ते फार उदार गव्हर्नर होते. दर महिन्याला त्यांच्या कण्यातलं पाणी तपासायचो, दर महिन्याला पहिल्या पाच नळ्या पांढऱ्या. या वेळी दहाही लाल. मी धावत डॉक्टरांकडे गेलो. ‘साहेब, गव्हर्नर बरे झाले!’

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, ‘बरा झाला? काल संध्याकाळी त्याने मला मेळघाट बक्षीस दिलाय, वाघांसकट.’

मग ते उठले. थोडं सोनं एका नळीत घेतलं आणि त्यात मीठ टाकलं, साध्या चमच्याने, भाजीत टाकावं तसं. पाणी निळं व्हायला हवं होतं. लालच राहिलं. आणखी मीठ टाकलं. लालच.

‘याच्या अंगावर काहीतरी चढलंय,’ ते म्हणाले. ‘बाटलीत काय गेलं, दत्तू?’

माझ्या डोळ्यांसमोर झेंडूचं फूल आलं. मी सगळं सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला आधीच्या बाटलीत उरलेलं जुनं, चांगलं पाणी काढायला लावलं आणि म्हणाले, ‘किती दूध पुरतं ते मोजून दाखव.’ मी दोन दिवस तेच केलं, ते पाणी संपेपर्यंत. दूध पातळ करत गेलो, आणखी पातळ, आणखी. लिटरभर सोन्याला एक थेंब दूध पुरत होतं. त्याच भरात बाभळीचा डिंक घालून पाहिला, तो बराच जास्त लागला. ज्वारीची पेज तर वाटीभर ओतावी तेव्हा कुठे सोन्याला थोडा आधार मिळायचा. सुताराच्या सरसाने मात्र दुधालाही मागे टाकलं. त्या वहीची पानं अजून माझ्याकडे आहेत. कणाच्या अंगावरचा लेप म्हणजे काय, हे मी त्या दोन दिवसांत शिकलो. पण प्रत्येक लाल नळी मला एकच गोष्ट सांगत होती, की मास्तरांबद्दल आम्हाला काहीही माहीत नाही.

‘उद्या सोनाळ्याला जायचं,’ डॉक्टर म्हणाले. ‘पत्र नाही पाठवायचं. तू बोलायचंस.’

वरवटपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे बैलांची दमणी. सातपुडा समोर येत गेला तशी मी मनात वाक्यं जुळवत गेलो. मास्तरांच्या घरी आम्हाला पाहून मोठा आनंद झाला. पाट मांडले, चहा टाकला. डॉक्टर माझ्याकडे पाहत बसून राहिले. शेवटी मी उभा राहिलो आणि बाटली, फूल, दूध, सगळं सांगून टाकलं. ‘तुमची तपासणी झालीच नाही असं धरा. पुन्हा सुई घ्यावी लागंन.’

मास्तर आधी हसले. मग त्यांचा चेहराच बदलला. ‘पूजा केली म्हनता? माह्या जिवावर पूजा केली?’ हातातली कपबशी त्यांनी अंगणात भिरकावली. ‘जीव गेला तं जाऊ द्या, ते सुई मी घेनार नाही! निघा इथून!’ ओरडता ओरडता त्यांचे हात इतके कापायला लागले की ते स्वतःच घाबरले. फळीवरून त्यांनी एक पुडी काढली, करडी लालसर पूड मधात कालवली आणि चाटून टाकली. मास्तरीणबाई हळूच मला म्हणाली, ‘हे घेतलं का थोडं शांत होतात.’

‘काय आहे ते?’ मी विचारलं.

‘सोनंच आहे,’ मास्तर माझ्याकडे तुच्छतेने बघत म्हणाले. ‘तुमी बाटलीत ठेवता, मी पोटात ठेवतो. जत्रेत एका बैराग्याकडून घेतलं. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकवलं नाही.’

डॉक्टर ताडकन उठले. मास्तरांना उजेडात आणून त्यांनी तोंड उघडायला लावलं. हिरड्या सुजलेल्या, दातांच्या कडेने काळपट रेघ. धातूचं विष अंगात भिनल्याची ती खूण डॉक्टरांनी ओळखली. मग मला ऐकू येईल इतपतच म्हणाले, ‘तू दूध घातलंस. मी तोंड उघडून पाहिलं नाही. आपण दोघं सारखेच शहाणे.’

त्यांनी पुडी मागून घेतली. मास्तरांना सुईसाठी कुणी तयार केलं म्हणाल तर मास्तरीणबाईनेच. ती रडली नाही, भांडली नाही. गाठोडं बांधून दारात येऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, ‘मी जाऊन राह्यली. मले समजून घ्याचं आहे. तुमाले याचं असन तं या.’ मास्तर थोड्या वेळाने टोपी घालून बाहेर आले.

खामगावला येताच डॉक्टरांनी पूड नळीत घालून तापवली. काचेवर वरच्या बाजूला रुपेरी थेंब जमले. पारा. सोन्याचा मागमूसही नव्हता. मी म्हणालो, ‘म्हणजे हात पाऱ्यानेच कापतात! सुटले की मास्तर.’

‘कशावरून?’ डॉक्टर म्हणाले. ‘बैरागी लोक पारा मुख्यतः कशावर देतात माहीत आहे? गरमीवरच. त्याने तो का घेतला, हा प्रश्न राहतोच.’

‘ते शक्तीसाठी म्हणतात.’

‘सगळे शक्तीसाठीच म्हणतात.’

म्हणजे फिरून सगळं माझ्या दहा नळ्यांवर येऊन ठेपलं. आणि नवं पाणी काही केल्या जमेना. पहिलं निळं आलं. दुसरं जांभळं होऊन बसलं. मी न जेवता, न झोपता तिसऱ्याच्या मागे लागलो. डॉक्टरांनी मला खोलीबाहेर काढलं, आंघोळ करून, जेवून ये म्हणाले. तिकडे मास्तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले, आणि मास्तरीणबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली. बसलेली म्हणजे तशीच, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. तिसऱ्या दिवशी लाली चढली. या वेळी मला हसू आलं नाही. मी आधी त्यात मीठ टाकून पाहिलं. निळं झालं, आणि निळं पाणी पाहून मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

मास्तरांची सुई झाली. मी दोन ओळी लावल्या. एक मास्तरांची, एक गव्हर्नरांची, त्याच बाटलीतून, त्याच हाताने. गव्हर्नरांनी आपलं पाणी देताना मला बुलढाण्याची कलेक्टरी देऊ केली.

सकाळी डॉक्टर माझ्या आधीच खोलीत आले होते, पण माझ्यासाठी थांबले होते. मी कापड काढलं. गव्हर्नरांच्या पहिल्या पाच नळ्या पांढऱ्या पडल्या होत्या, तळाशी काळा गाळ. सोनं खरं बोलत होतं. मग मी दुसऱ्या ओळीकडे पाहिलं. पहिली लाल. दुसरी लाल. मी एकेका नळीवर बोट ठेवत दहाव्यापर्यंत गेलो, परत पहिलीवर आलो. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, खिडकीशी नेऊन प्रत्येक नळी उन्हात धरली. ‘निर्मळ,’ ते म्हणाले. मग एक मोठा सुस्कारा टाकून खुर्चीत बसले. ‘पूड बंद. हळूहळू पारा उतरेल. हात थांबतील, डोकंही ताळ्यावर येईल. माणूस जाणार नाही दत्तू, आणि पोरही.’

मी नळ्या खाली ठेवल्या. डॉक्टर म्हणाले, ‘जा, बाहेर सांग.’

‘साहेब, निकाल तुम्ही—’

‘आज तू सांग.’

मी व्हरांड्यात गेलो. मास्तरीणबाई पायरीवरून उठली. आता बोलायला सोपं होतं, चांगलंच सांगायचं होतं, पण आधीचा रुबाब काही जमेना. ‘बाई, काही नाही,’ एवढंच कसंबसं म्हणालो. ‘खरंच काही नाही. तुम्हालाही नाही, बाळालाही नाही.’ आणि भर व्हरांड्यात, रोगी बघत असताना, मी धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागलो. लाज वाटत होती, पण इतकं हलकं वाटत होतं की लाजेचं काही वाटेना.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. माझं बोलणं तिने ऐकलं की नाही कोण जाणे, तिचं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं.

‘पैल्यांदा तुमी हासत सांगतलं होतं, भाऊ,’ ती म्हणाली. ‘तवा मले खरं वाटलंच नाही. घरी समदे पेढे खाऊन राह्यले होते, अन् मले एक रात झोप नाही.’ ती भिंतीचा आधार घेत पुन्हा पायरीवर बसली. ‘आता लागंन.’

मी आत जाऊन मास्तरांना सांगून परत आलो. तेवढ्यात ती बसल्या जागी, भिंतीला डोकं टेकून, दोन्ही हात पोटावर ठेवून गाढ झोपली होती.